चंदेरी टोपीची दाढ

मित्रांनो, मी एक जुनी दुधाची दाढ आहे. ‘जुनी’ म्हटल्यावर हसू नका. माणसाचे वय अकरा म्हणजे पोरपण, पण दुधाच्या दाढेचे वय अकरा म्हणजे पिकलेले म्हातारपण! तेवढ्या आयुष्यात मी काय काय पाहिले म्हणून सांगू! भर जत्रेत ठणकले, शेजारीण गमावली, डॉक्टरांच्या बोटाला कडकडून चावले, आणि पुढे चंदेरी टोपी घालून मिरवलेसुद्धा. सांगतेच सगळे. नीट बसा, आणि तोंडात काही चघळत असाल तर आधी ते संपवा.

मालवणजवळच्या एका किनाऱ्यावरच्या गावातली दिव्या ही माझी मालकीण. ती आईच्या पोटात होती तेव्हाच तिच्या जबड्यात माझी घडण सुरू झाली. हो, जन्माच्याही आधी! तिची आई जानकी त्या दिवसांत नाचणीची भाकरी, पेज, ताजे मासे खायची. त्यातलाच थोडा थोडा कस माझ्या वाट्याला येई. दिव्या जन्मली, रांगली, धावू लागली, तरी मी आपली हिरडीखालीच. पुढच्या दातांचे कौतुक झाले, माझी शेजारीण म्हणजे पहिली दाढ आली, सुळे आले. वरून सगळ्यांच्या गमती ऐकू यायच्या आणि मी आत नुसती तळमळत होते. अखेर दिव्याला तिसरे वर्ष चालू असताना एका सकाळी मी हिरडी बाजूला सारून डोके वर काढले.

जानकीने बोट फिरवून पाहिले आणि ती ओरडलीच, “मामंजी, बघलात काय? शेवटची दाढ इली दिव्याची!”

मामंजी म्हणजे दिव्याचे आजोबा, शंकर. त्यांनी आनंदाने हात जोडले आणि म्हणाले, “आता खाजा खावक मोकळी झाली माझी बाय!”

हे आजोबा खाजा करायचे. बेसनाच्या कुरकुरीत कांड्या, गुळाच्या पाकात घोळवलेल्या, वर आल्याचा झणका. सिंधुदुर्गातल्या जत्रांत त्यांचे दुकान लागले की पोरांची झुंबड उडे. दिव्याचे बाबा निलेश मालवाहू जहाजावर नोकरीला, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. म्हणून घरात दिव्या, आई आणि आजोबा. आजोबांचा सगळा जीव नातीवर. ती रडली की खाजा, हसली की खाजा, अंगणातून नुसती धावत गेली तरी हातात खाज्याची कांडी.

मी कामाला लागले. काय ते दिवस! भाकरी भरडायची, बांगड्याचा तुकडा चावायचा, ओले काजू फोडायचे. पुढचे दात घास तोडायचे, पण त्याचे पीठ करायचे ते आम्ही. माझा माथा रुंद, त्यावर खाचा आणि घळी. शेजारीण आणि मी खांद्याला खांदा लावून उभ्या होतो. जेवताना आम्हा दोघींचा असा काही ताल लागे की जानकी म्हणायची, “बघा हो, कशी मटामटा जेवता!” त्या कौतुकाने मी फुलून जात असे.

पण मित्रांनो, कौतुक करणाऱ्यांचे लक्ष मागे अंधारात कुठे जाते? ब्रश यायचा तो पुढच्या दातांवरून दोन-चार वेळा फिरून निघून जायचा. पुढचे दात लखलखीत! आमच्या घळीत मात्र गुळाचा पाक चिकटलेला. शिवाय दुपारी झोपताना दिव्याला साखर घातलेल्या दुधाची बाटली लागायची. बाटली तोंडात तशीच राहायची, ती झोपून जायची, आणि गोड दूध आमच्याभोवती तळे करून बसायचे.

तोंडात सूक्ष्म जंतू राहतात हे तुम्हाला ठाऊक असेल. त्यांना साखर मिळाली की ते आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लाने दाताचे कवच झिजते. आमची लाळ फार गुणाची. दोन खाण्यांच्या मध्ये ती झीज भरून काढते, निसटलेले क्षार परत आणून बसवते. पण तिला उसंत तर मिळायला हवी! इथे सकाळपासून काही ना काही चघळणे चालूच. लाळ बिचारी हरली. आधी माझ्या आणि शेजारणीच्या अंगावर खडूसारखे पांढरे डाग आले. त्याच वेळी कोणी पाहिले असते, नीट घासले असते, दातांच्या डॉक्टरांनी औषध लावले असते, तर ते डाग तिथेच थांबलेही असते. पाहिले नाही. डाग तपकिरी झाले. मग खड्डे पडले. शेजारणीचा खड्डा तर माझ्याहून खोल गेला.

एकदा जानकीला ते दिसले. शेजारच्या विनीताकाकींना तिने दाखवलेही. काकी म्हणाल्या, “दुधाचे दात गो ते. पडतलेच. त्येंची कसली काळजी करतंस?”

जानकीला ते पटले. मी आतून ओरडत होते, ‘अगो, मला अजून कितीतरी वर्षं राहायचं आहे!’ पण दाढेचा आवाज कोणाला ऐकू येणार? आमची भाषा एकच, ठणका. आणि तो आम्ही फार उशिरा बोलतो.

तो बोललो आम्ही, आणि कुठे, तर भर जत्रेत!

दिव्या तेव्हा पाच वर्षांची होती. गावच्या देवीची जत्रा. दुपार झाली होती, ढोल वाजत होते, आजोबांच्या दुकानासमोर माणसांची रीघ लागली होती. वर्षभर ज्या दिवसाची वाट पाहायची तो हा दिवस. दिव्या फळीमागे खुर्चीवर बसून सकाळपासून गप्पच होती. तिचा डावा गाल जड झाला होता, अंग गरम लागत होते, पण गडबडीत कोणाच्या ध्यानात आले नाही. आजोबांनी सवयीने तिच्या हातात खाजा दिला. तिने तो तोंडात घातला आणि चावला.

शेजारणीच्या मुळाशी पू साचला होता. त्या एका चावण्याने अशी कळ उठली की दिव्याची किंकाळी ढोलांच्या आवाजावर गेली. लोक गर्रकन वळले. जानकीने धावत येऊन तिला उचलले, तर गाल टम्म सुजलेला.

“आये, दुखता! माका खूप दुखता!”

विनीताकाकी तिथेच होत्या. “लवंग दाबून धर,” त्या म्हणाल्या. “नायतर दोनय दाढा उपटून टाका. परत येतलेच.”

कोणी म्हणाले कापूर लावा, कोणी म्हणाले जत्रा उरकल्यावर बघू. समोरचे गिऱ्हाईक पिशवी पुढे करून उभेच होते. आजोबांनी एकदा त्या पिशवीकडे पाहिले, एकदा नातीच्या गालाकडे. मग त्यांनी खाज्याच्या ढिगावर कापड ओढले आणि दुकान बंद केले. भर गर्दीत! जानकी चकित होऊन म्हणाली, “मामंजी, दुकान?”

“जत्रा फुडल्या वर्षाकय येतली. चल!”

आणि आम्ही निघालो! रिक्षा कुडाळच्या रस्त्याला लागली. प्रत्येक खड्ड्याला दिव्या कण्हत होती, शेजारीण ठणकत होती, मीही भेदरले होते. आजोबा रिक्षावाल्याला “सावकाश रे” म्हणत आणि लगेच “वायच बेगीन रे” म्हणत. तो बिचारा काय करणार?

कुडाळला डॉक्टर लिलियन यांचा लहान मुलांच्या दातांचा दवाखाना होता. भिंतीवर मासे रंगवलेले, खुर्ची निळी. पण दिव्याने ती खुर्ची पाहिली आणि तोंड गच्च मिटले. आईने समजावले, गोड बोलून पाहिले, ओठ काही उघडेनात.

“बरां,” डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, “तू नको बसू. आजो बसतलो. होय ना, आजोबा?”

आजोबांचा चेहरा उतरला. अहो, ज्यांनी आयुष्यात दातांच्या डॉक्टरांचे तोंड पाहिले नव्हते, ते आजोबा! पण नात पाहत होती. ते खुर्चीवर चढले, डोळे मिटले आणि त्यांनी ‘आ’ केला. डॉक्टरांनी छोटा आरसा आत घातला.

“आजोबा, तुमचे दात खंय गेले?”

“खाजा खावन गेले,” आजोबा उघड्या तोंडानेच म्हणाले.

दिव्या खुदकन हसली. हसली म्हणजे तोंड उघडले! मग ती आजोबांच्या मांडीवर बसली, आरसा हातात घेऊन पाहिला, आणि तिनेही ‘आ’ केला. डॉक्टरांचे बोट आत आले. ते माझ्या माथ्यावरून सरकत शेजारणीकडे गेले, तिला जरासे लागले, आणि दिव्याने खाडकन तोंड मिटले. मधे काय होते? डॉक्टरांचे बोट! आणि वरची दाढ अन् मी! दिव्या ओरडली, डॉक्टरही ओरडल्या, जानकीने कपाळावर हात मारला.

डॉक्टर बोट झटकत हसायला लागल्या. “अरे बापरे! जोर आसा हां ह्या मागच्या दाढेत. ही काय इतक्यात जावची नाय.”

मित्रांनो, कोणी माझ्याविषयी असे काही किती दिवसांनी बोलले होते! मी थरारून गेले.

मग डॉक्टरांनी आमचा एक्स-रे काढला. पडद्यावर आमचे चित्र उमटले. आजोबा जवळ जाऊन पाहू लागले. वर मी आणि शेजारीण, आणि आमच्या मुळांच्या खाली, हाडात, अर्धवट घडलेले दोन नवे दात. झोपलेल्या पिलांसारखे!

“ह्ये काय?” आजोबांनी विचारले.

“तिचे पक्के दात,” डॉक्टर आता पुस्तकी मराठीत समजावू लागल्या. “आजोबा, दुधाचे दात पडतात हे खरं आहे. पण प्रत्येकाची पडायची वेळ ठरलेली असते. ही मागची दाढ तिला अजून पाच-सहा वर्षं हवी आहे. एक तर जेवायला, आणि दुसरं म्हणजे खालच्या दाताची जागा धरून ठेवायला. दाढ आधीच गेली तर बाजूचे दात सरकतात. मग खालचा दात वर येणार कुठून?”

आजोबांनी चित्रातल्या माझ्यावर बोट ठेवले. “म्हंजे ही राखणदार,” ते हळूच म्हणाले. आमच्या कोकणात गावाच्या वेशीवर राखणदार असतो, गाव सांभाळणारा. त्याचे नाव मला दिले त्यांनी! पण पुढच्याच क्षणी त्यांनी बोट मागे घेतले. “आणि ह्या राखणदाराक मीच गूळ घातलंय. माज्याच हातान.”

“लाडाने दिलंत,” डॉक्टर म्हणाल्या. “आणि आज दुकान टाकून धावत आलात, तेही तुम्हीच. ताप आणि सूज असताना थांबायचं नसतं. बरं केलंत.”

त्यांनी साचलेला पू काढला, दिव्याच्या वजनाप्रमाणे औषध दिले. सूज उतरली की पुन्हा यायचे ठरले. पण एक गोष्ट त्यांनी स्पष्ट सांगितली. “दोघींपैकी पुढची दाढ वाचणार नाही. तिचं मूळ गेलं आहे. मागची मात्र मी वाचवून दाखवते.”

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी हिरडी बधिर केली. दिव्याने आजोबांचा अंगठा घट्ट धरला होता. शेजारीण माझ्या बाजूने निघून गेली. तिच्या जाण्याने तिथे केवढी पोकळी झाली! आम्ही एकत्र किती काजू फोडले होते. पण रडायला वेळ नव्हता, कारण आता माझी पाळी होती. माझ्यातला किडलेला भाग कोरून काढला. आतल्या नसेचा वरचा आजारी भाग काढला, खालचा निरोगी होता तो राखला, त्याच्यावर औषध भरले. मग डोक्यावर बसवली एक चंदेरी, स्टीलची, चकाकती टोपी! टोपीला जोडलेली तारेची एक कडी शेजारणीच्या रिकाम्या जागेवरून थेट सुळ्याला टेकली. जागा कोणी बळकावू नये म्हणून. मी एकटी, पण आता दोघींचे काम माझ्याकडे!

निघताना डॉक्टरांनी जानकीला सांगितले, “दात तिने नाही, तुम्ही घासायचे. ती सात-आठ वर्षांची होईपर्यंत तरी. सकाळी आणि झोपण्यापूर्वी, अगदी मागच्या दाढेपर्यंत. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी. आणि रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही.”

“आणि खाजा?” आजोबांनी धीर करून विचारले.

“खाजा बंद कशाला? मला पण आवडतो. जेवणानंतर एकदाच खायचा, आणि वर पाणी प्यायचं. दिवसभर चघळायचा नाही, एवढंच.”

घरी सगळे बदलले. बाटली गेली. ब्रश रोज माझ्यापर्यंत येऊ लागला, माझ्या टोपीला घासून चकचकीत करू लागला. शाळेत तर कमालच झाली! दिव्याने वर्गात ‘आ’ करून दाखवले आणि पोरांचा गराडा पडला. डेन्झिल नावाचा तिचा मित्र म्हणाला, “माका पण चांदीची दाढ होयी!” दिव्याने ऐटीत उत्तर दिले, “तुझे दात बरे आसत. तुका मेळाची नाय.” तो बिचारा हिरमुसला.

पुढच्या वर्षी जत्रेत आजोबांच्या दुकानाशेजारी पाण्याची कळशी आणि पेले दिसले. खाजा घेणाऱ्या प्रत्येक पोराला आजोबा सांगायचे, “घरी जेवल्यावर खा. आणि हयसर खाल्लंस तर लगेच चूळ भर.” लोक हसले. विनीताकाकी तर पोट धरून हसल्या. आजोबांनी लक्ष दिले नाही. संध्याकाळपर्यंत कळशी कितीदा तरी भरावी लागली.

आता खरी लढाई ऐका. दिव्या सहा वर्षांची झाली तशी माझ्या मागून एक दांडगी पक्की दाढ वर आली. ती चांगली होती हो, पण अंगाने भरभक्कम. तिचा पुढे रेटा सुरू झाला. मी पाय रोवून उभी राहिले. माझी तार सुळ्याला टेकलेली, मागून दाढेचा जोर. ‘सरक!’ ‘नाही सरकणार!’ असे आमचे चालायचे. जागा तसूभरही कमी झाली नाही.

एकदा मात्र घात होता होता टळला. डेन्झिलच्या वाढदिवसाला दिव्याने चिकट टॉफी चावली आणि माझी टोपी खटकन सैल झाली. केक तसाच टाकून ती घरी धावली.

“आये! माझी तार हलता! आत्ताच्या आत्ता कुडाळाक जावया!”

“उद्या जावया गो,” जानकी म्हणाली.

“उद्या नको! जागा जातली!”

आजोबा आतून ओरडले, “माका शर्ट दी! मी न्हेतंय तिका.” आणि नात-आजोबा निघालेसुद्धा. डॉक्टरांनी टोपी पुन्हा पक्की चिकटवली आणि दिव्याच्या पाठीवर थाप मारली.

वर्षे गेली. दर काही महिन्यांनी डॉक्टर मला तपासत. आणि मग तो दिवस उजाडला! दिव्या आरशासमोर उभी राहून दात घासत होती. अचानक ब्रश थांबला. शेजारणीच्या रिकाम्या जागेत, तारेच्या कडीच्या बरोबर मधे, एक पांढरेशुभ्र टोक दिसत होते.

“आजो! इलो! नवो दात इलो!”

आजोबा बॅटरी घेऊन धडपडत आले. त्यांनी उजेड टाकला, चष्मा पुसला, पुन्हा उजेड टाकला. दात सरळ उभा होता. ना तिरका, ना अडकलेला. “राखला रे, राखला!” असे म्हणत आजोबा बॅटरीसकट नाचायला लागले आणि उजेड छपरावर, भिंतीवर, जानकीच्या तोंडावर नाचू लागला.

तार निघाली. काही काळाने माझीही मुळे विरघळू लागली, कारण खालच्या माझ्या वारसाला वर यायचे होते. हे दुखणे नव्हते. ही माझी ठरलेली वेळ होती. मी डुलू लागले, आणि एका न्याहारीला, भाकरीच्या घासात, अलगद सुटले.

दिव्याने मला धुऊन तळहातावर घेतले. मित्रांनो, तेव्हा मी पहिल्यांदा तिला बाहेरून पाहिले! इतकी वर्षे जिच्यासाठी दळले, तिचा चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. ती हसत होती. ओळीत उभे असलेले दात, आणि माझ्या जागी एक इवलेसे भोक. किती सुंदर दिसत होती ती!

मग आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तिने अंगणात उभे राहून मला कौलांवर भिरकावले. इथून समुद्र दिसतो! माझी टोपी उन्हात अशी चमकते की सकाळी एक कावळा येऊन वाकून वाकून पाहून गेला.

मित्रांनो, तुमच्याही तोंडात मागे कोपऱ्यात दुधाच्या दाढा असतील. तुमच्या नसतील तर धाकट्या भावंडांच्या असतील. ‘पडणारच आहेत’ म्हणून त्यांना टाकून देऊ नका. ओठ-गाल बाजूला करून त्यांना उजेडात बघा. खडूसारखा पांढरा डाग दिसला तर ठणक्याची वाट पाहू नका, डॉक्टरांना दाखवा. गोड खा, पण जेवणाबरोबर, आणि झोपण्यापूर्वी ब्रश अगदी मागेपर्यंत न्या. आम्ही थोड्या वर्षांच्या सोबती आहोत, पण तेवढी वर्षे आम्हाला पुरी करू द्या.

थांबा, थांबा! खाली अंगणात दिव्याने आत्ता एक कच्चा पेरू तोडला आहे. डाव्या बाजूने चावते आहे, नव्या दाताने. ऐकलंत? करकन आवाज आला!